हॉटेल चालवू की वाइन विकू?

प्रश्न : मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिप एका मोठ्या हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला केली. पुढे मला द्राक्षमळ्यातलं लक्झरी हॉटेल चालवायचं आहे आणि त्याच मळ्याच्या वाइनचं प्रमोशनही करायचं आहे. आमचे सर म्हणतात, ही दोन वेगळी करिअर आहेत, एक काहीतरी निवड. बाबांना वाटतं, वाइनमध्ये काम म्हणजे रोजचं पिणं आलंच. आधी वाइनचा कोर्स करू की नोकरी धरू? आणि अशा हॉटेलची मॅनेजर व्हायला किती वर्षं लागतात?

उत्तर : दोन्ही कामं वेगळी आहेत, हे तुझ्या सरांचं म्हणणं बरोबर आहे. ‘एक निवड’ हा सल्ला मात्र मला पटत नाही. तू ज्या खुर्चीकडे बघते आहेस, तिच्यावर बसणाऱ्याला ही दोन्ही कामं एकाच दिवशी करावी लागतात आणि ती एकमेकांना उलट्या दिशेने ओढतात. ती ओढाताण आधी समजून घे, कोर्सचं नंतर बघू.

हॉटेलची खोली आज रात्री रिकामी राहिली की आजची कमाई कायमची गेली. तीच खोली उद्या दोनदा विकता येत नाही. त्यामुळे हॉटेलवाला रोजच्या रोज हिशेब बघतो, आणि रिकाम्या खोल्या दिसल्या की त्याचा हात आपोआप दर कमी करण्याकडे वळतो. वाइनचं गणित याच्या उलट. नवी वेल लावल्यावर वाइन करण्याजोगं पहिलं पीक साधारण तिसऱ्या वर्षी मिळतं. चांगली लाल वाइन त्यानंतर वर्ष-दीड वर्ष पिंपात आणि मग काही काळ बाटलीत थांबते. २२५ लिटरच्या एका ओकच्या पिंपातून ३०० बाटल्या निघतात. त्या संपल्या की त्या पिंपाची गोष्ट संपली, मागणी आली म्हणून त्या सालची वाइन आणखी बनवता येत नाही. उलट, न विकलेली चांगली बाटली पुढच्या वर्षी जास्त किमतीलाही जाऊ शकते. वाइनवाला म्हणूनच थांबायला तयार असतो आणि भाव पाडायला घाबरतो, कारण एकदा उतरलेला बाटलीचा भाव पुन्हा वर नेणं फार अवघड असतं.

आता स्वतःला त्या खुर्चीत बसव. मंदीचे दिवस आहेत, निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत. सेल्सचा माणूस येऊन म्हणतो, “दोन रात्रींच्या बुकिंगवर आपली सगळ्यात भारी बाटली फुकट देऊ या.” खोल्या भरतील, यात शंका नाही. पण तीच बाटली दुसऱ्या देशातला आयातदार महाग किमतीला रेस्टॉरंटना विकतो आहे. बुकिंगच्या साइटवर ती फुकट वाटलेली त्याला दिसली तर पुढच्या वर्षी तो ऑर्डर देईल का? वाइनमेकर तर त्या दिवसापासून तुझ्याशी बोलायचाच नाही. मी तुझ्या जागी असते तर ज्याला बाजारात भावच नाही असं काहीतरी दिलं असतं : वाइनमेकरबरोबर मळ्यातली फेरी, थेट पिंपातून काढलेल्या, अजून बाटलीत न गेलेल्या वाइनची चव. पाहुण्याला ती बाटलीपेक्षा जास्त लक्षात राहते आणि कुणाचाही भाव पडत नाही. असे निर्णय तुला आठवड्यातून चार वेळा घ्यावे लागतील. नुसतं हॉटेल कळणाऱ्याला ते जमत नाहीत, नुसती वाइन कळणाऱ्यालाही नाहीत. दोन्ही हिशेब एकत्र डोक्यात ठेवणारी माणसं कमी आहेत आणि तुझी किंमत नेमकी तिथे ठरणार आहे.

मळ्यातली ही हॉटेलं उभी कशी राहिली तेही बघून ठेव, त्यातून नोकरी शोधताना काय विचारायचं ते कळेल. रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात वाइनरी (वाइन बनवण्याचा कारखाना) काढली, तेव्हा लोकांनी येऊन बघावं, चाखावं, गाणी ऐकावीत हे त्यांच्या धंद्याचाच भाग होतं. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशच्या उत्पादकांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन ‘वाइन रूट’, म्हणजे एका वाइनरीतून दुसरीत नेणारा पर्यटकांचा मार्ग, सुरू केला. राहण्याची श्रीमंती व्यवस्था त्यानंतरची. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या शातो स्मिथ ओ लाफित या वाइनरीच्या मळ्यात ‘ले सूर्स द कोदाली’ हे हॉटेल १९९९ मध्ये उघडलं आणि द्राक्षाच्या बियांपासून केलेले सौंदर्योपचार हेच त्याचं मोठं आकर्षण ठरलं. म्हणजे जे वाइन पीत नाहीत त्यांनाही तिथे यायला कारण मिळालं. स्पेनमधल्या रिओहा भागात मार्केस दे रिस्काल या १८५८ पासूनच्या वाइनरीने प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्याकडून हॉटेल बांधून घेतलं, ते २००६ मध्ये सुरू झालं. त्याच्या छपरावरच्या टायटॅनियमच्या पट्ट्यांचे रंगही बाटलीवरूनच घेतले आहेत : गुलाबी वाइनचा, सोनेरी बाटलीवरच्या जाळीचा, चंदेरी बुचावरच्या टोपणाचा. एखादी इमारत इतकी मोठी जाहिरात होऊ शकते की वाइन न चाखलेले लोकही वाइनरीचं नाव ओळखायला लागतात.

या दोन्ही हॉटेलांच्या जागी आधी वाइन होती आणि मग खोल्या आल्या. काही मालक मात्र आधी रिसॉर्ट बांधतात आणि देखाव्यापुरत्या वेली लावतात. दोन्हीकडे मॅनेजरचं पद एकाच नावाचं असतं, काम मात्र पार वेगळं. म्हणून मुलाखतीत सरळ विचार : हॉटेल तोट्यात गेलं तर वाइन ते भरून काढते, की उलटं? आणि वाइन विकण्याचं उद्दिष्ट कुणाच्या माथ्यावर आहे, हॉटेलच्या की वाइनरीच्या? या दुसऱ्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर तिथे तुझी रोज भांडणं होणार हे गृहीत धर.

आणखी एक गोष्ट फोटोंमध्ये दिसत नाही. मळा हे शेत आहे आणि शेत आवाज करतं. वसंतात पहाटे दंव गोठायला लागलं की कोवळे कोंब वाचवायला मोठमोठे पंखे सुरू होतात. रात्री तीन वाजता हेलिकॉप्टर उतरल्यासारखी घरघर होते आणि शांततेसाठी भरपूर पैसे मोजलेला पाहुणा रिसेप्शनला फोन करतो. द्राक्षं पिकली की पाखरं हाकलायला गॅसच्या तोफा वाजतात. फवारणी झाल्यावर ठरावीक वेळ त्या ओळींत कुणालाही जाऊ देता येत नाही, मग तिथे सूर्यास्ताचा फोटो काढायचा कुणी कितीही हट्ट धरो. रस आंबत असताना टाक्यांमधून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि बंद तळघरात तो जीव घेऊ शकतो. “आम्हाला सेलर जरा आमचे आम्ही बघू द्या,” असं म्हणणाऱ्या बड्या पाहुण्याला हसत नाही म्हणणं हे तुझं काम. पाहुण्याला आदल्या संध्याकाळीच ‘पहाटे पंखे लागतील, कारण असं असं आहे’ हे नीट सांगितलं, तर तक्रार करणाराच पहाटे कोट चढवून बघायला येतो. माझ्या मते अशा हॉटेलचा खरा दर्जा झुंबरांपेक्षा यावर कळतो.

आता प्रमोशन. तुझ्या पत्रातून असं वाटतं की प्रमोशन म्हणजे तुला इन्स्टाग्राम आणि कार्यक्रम दिसतात. तेही आहेच. पण दारूच्या जाहिरातीवर ठिकठिकाणी कडक कायदे असतात आणि ते देशागणिक बदलतात. वाइनचं माहेरघर समजल्या जाणाऱ्या फ्रान्समध्येच १९९१ च्या ‘एव्हाँ कायद्या’ने टीव्ही आणि सिनेमागृहातली दारूची जाहिरात बंद केली. जिथे जाहिरात करता येते तिथेही ती मूळ प्रदेश, मद्यार्काचं प्रमाण, बनवण्याची रीत अशा माहितीपुरतीच. २०१६ मध्ये तिथेच असा खुलासा करण्यात आला की वाइनचा प्रदेश, तिथला वारसा आणि पर्यटन यांबद्दलचा मजकूर म्हणजे वाइनची जाहिरात नव्हे. मळ्यात हॉटेल का हवं, याचं एक उत्तर यात आहे : बाटलीबद्दल जे बोलता येत नाही, ते जागेबद्दल बोलता येतं. जिथे काम करशील तिथला कायदा पहिल्या आठवड्यात वाच, एजन्सीवर सोडू नकोस.

बाकी खरी विक्री माणसांकडून होते. मळ्यातच विकलेल्या बाटलीवर वितरक आणि दुकानदार यांचा वाटा जात नाही, म्हणून वाइनरीला ती सगळ्यात प्यारी. पण पाहुणा घरी नेऊन नेणार किती? चार-सहा बाटल्या, त्याही सामानाचं वजन सांभाळून. खरा फायदा तो परत गेल्यावर सुरू होतो : वाइन क्लबचा सभासद होणं, दरवर्षीच्या नव्या वाइनची आगाऊ नोंदणी करणं, आपल्या शहरातल्या रेस्टॉरंटमध्ये तेच नाव मागणं. यासाठी पाहुण्याने कोणती वाइन दुसऱ्यांदा मागवली हे वेटरने टिपून ठेवायला हवं आणि ते ऑफिसपर्यंत पोचायला हवं. हाउसकीपिंगच्या मुलीलाही आपल्या तीन वाइन कोणत्या आणि त्यांत फरक काय, हे सांगता यायला हवं. पाहुणे सोमेलिएपेक्षा (रेस्टॉरंटमधल्या वाइनच्या जाणकारापेक्षा) तिलाच मोकळेपणाने विचारतात.

रेस्टॉरंटच्या यादीत फक्त आपल्याच वाइन ठेवायच्या का, यावर मालकांशी तुझे मतभेद होतील. माझं मत स्पष्ट आहे : शेजाऱ्यांच्याही ठेवाव्यात. तीन रात्री राहणारा माणूस तिसऱ्या रात्री त्याच लेबलला कंटाळतो. शिवाय शेजारची वाइन चाखल्यावरच आपली वेगळी कशी ते त्याला कळतं.

बाबांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. या व्यवसायात दारू सतत हाताशी असते आणि तिच्या आहारी गेलेली माणसं इथे आहेत. पण कामाची शिस्त वेगळी आहे. व्यावसायिक वाइन चाखतात ती थुंकून टाकतात, त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलंच असतं. हिशेब कर : दहा वाइनचे ५० मिलीचे घोट गिळले तर अर्धा लिटर झालं, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीतला दोन-तृतीयांश भाग. दिवसाला तीस वाइन चाखणारा माणूस गिळत बसला तर दुपारीच आडवा होईल. काही वाइनरींमध्ये तर घरी अजिबात न पिणारे लोक चांगलं काम करतात. बाबांना हे सांग आणि स्वतःलाही एक नियम घालून घे : पाहुण्यांबरोबर टेबलावर बसलीस तरी ग्लास भरायचा, रिकामा करायचा नाही.

कोर्सचं म्हणशील तर आधी नोकरी, कोर्स सोबत. लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचे (स्थापना १९६९) अभ्यासक्रम जगभर मान्य आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने करता येतात. दुसऱ्या पातळीपर्यंत नोकरी करता करता होईल, तिसरीला नीट अभ्यास लागतो. मॅनेजर होण्यासाठी त्यापुढे जायची घाई नको. मास्टर सोमेलिए आणि मास्टर ऑफ वाइन या पदव्यांचा दबदबा मोठा आहे, पण त्यांत अनेक वर्षं जातात आणि त्या तुला वाइनच्या बाजूला इतकं खेचतील की हॉटेल सुटेल. त्याऐवजी दोन गोष्टी शिक : ताळेबंद वाचायला, आणि फ्रेंच, स्पॅनिश किंवा इटालियन यांपैकी एक भाषा. भाषेशिवाय मळ्यातल्या मुकादमाशी बोलता येत नाही, आणि पाऊस कधी येणार हे हवामानखात्याआधी त्याला कळतं.

नोकरी मात्र आधी मळ्यात शोधू नकोस. दोन-तीन वर्षं चांगल्या, गर्दीच्या हॉटेलात काढ. फ्रंट ऑफिस तू केलंच आहेस, आता रेस्टॉरंट आणि बँक्वेट कर. मग मळ्यातल्या एखाद्या छोट्या हॉटेलात फूड अँड बेव्हरेजला किंवा टेस्टिंग रूमला जा. सगळं बरं जुळून आलं तर जनरल मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत साधारण दहा-बारा वर्षं धर, हा माझा अंदाज. अशी हॉटेलं मुळात थोडी असतात, शहरापासून लांब असतात आणि बरीचशी कुटुंबांच्या मालकीची असतात. काही ठिकाणी वरची खुर्ची घरातल्याच कुणासाठी राखलेली असते. निसर्गाचा फटका इथे दुहेरी बसतो. सप्टेंबर २०२० मध्ये नापा खोऱ्यातल्या ‘ग्लास फायर’ वणव्यात मेडोवुड या प्रसिद्ध रिसॉर्टचं रेस्टॉरंट जळालं, आणि त्या हंगामातल्या वणव्यांच्या धुराने द्राक्षांना असा वास लागला की अनेकांनी त्या सालची लाल वाइन बाजारात आणलीच नाही. खोल्याही गेल्या आणि बाटल्याही. अशा वर्षी नोकरी गेली तर तुझं हॉटेलचं कौशल्य कुठेही चालेल. आधी हॉटेल पक्कं कर असं मी म्हणते, ते याचसाठी.

या सगळ्यात एक हंगाम मात्र काढणीला घाल, आणि तो लवकर घाल, जबाबदाऱ्या वाढल्या की जमत नाही. उत्तर गोलार्धात काढणी साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर चालते, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल. वाइनरी हंगामी माणसं चार-सहा महिने आधी ठरवतात, तेव्हा अर्ज त्या बेताने पाठव. अर्जात ‘वाइनची आवड’ लिहू नकोस, ती सगळेच लिहितात. बारा तास उभी राहू शकते, टाक्या धुवायला तयार आहे, वाहन चालवायचा परवाना आहे, हे लिही. उत्तर आलं तर कामाचा व्हिसा, राहण्याची सोय आणि अपघात विमा या तिन्ही गोष्टी लेखी मागून घे. त्या हातात आल्याशिवाय तिकीट काढू नकोस.