टॅपेटचा टकटक आवाज येतोय. फीलर गेज (गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्या) नसताना आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळला तर चालेल का? किती किलोमीटरला सेटिंग करावं?

अजिबात चालणार नाही. आवाज गेला म्हणजे सेटिंग झालं, या समजुतीपायी चांगले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. ढिलं टॅपेट वाजतं, रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि स्क्रूचं टोक झिजवतं, पण व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बसायच्या कड्यावर, पूर्ण बसतो तरी. टाईट टॅपेट गप्प बसून नुकसान करतं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटमधून हेडला देतो आणि ते फक्त बंद असतानाच. गॅप, म्हणजे रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक यांतलं मोकळं अंतर, शून्य असला की तापल्यावर दांडी लांबते, व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो आणि जळता वायू त्या फटीतून सुटतो. अशा एका सिंगल सिलिंडर इंजिनात थंड असताना स्टार्टिंग ठीक होतं, गरम झाल्यावर मात्र बंद पडलं की किक मारून दमछाक. आयडलिंग डगमगायचं. कार्ब्युरेटर साफ झाला, प्लग बदलला, पण टॅपेट ‘एकदम सायलेंट’ म्हणून तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. एक्झॉस्टच्या रॉकरला जराही खेळ नव्हता. हेड उतरवलं तर व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढी खाच आणि तिच्यासमोर सीटवर जळाल्याचा पट्टा. एवढं झाल्यावर नुसतं सेटिंग करून भागत नाही, व्हॉल्व्ह बदलून सीट दुरुस्त करावी लागते.

झिजेने गॅप वाढतोच असंही नाही. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेला की दांडीचं टोक वर येतं आणि गॅप कमी होतो. म्हणून गाडी वाजत नसली तरी मॅन्युअलमधल्या अंतराला टॅपेट तपासायचंच.

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. प्लग काढा म्हणजे क्रँक हलका फिरतो. क्रँक नेहमीच्या दिशेने फिरवत इनलेटचा रॉकर खाली जाऊन वर येताना पाहा आणि त्यानंतर येणारी मॅग्नेटवरची ‘टी’ खूण खिडकीतल्या खुणेशी जुळवा. हा कॉम्प्रेशनचा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. ‘टी’ खूण एका फेरीआड एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही येते. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात आणि त्या जागी केलेलं सेटिंग सपशेल चुकतं.

समजा गॅप ०.०८ मिमी हवा आहे. ०.०८ ची पाती किंचित ओढ देत सरकली पाहिजे, ०.१० ची शिरता कामा नये. स्क्रू जागेवर धरणारा चेक नट सोडून स्क्रू फिरवा, मग स्क्रू चावीने घट्ट धरूनच नट आवळा. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून आणखी एकदा मोजा.

अंदाजाने का जमत नाही ते पाहा. स्क्रूच्या आट्यांचा पिच ०.५ मिमी असेल तर एका फेऱ्यात ०.५ मिमी, म्हणजे ०.०५ मिमी गॅपसाठी फक्त दशांश फेरा. ‘पाव फेरा सोडतो’ म्हणणाऱ्याने ०.१२५ मिमी सोडलेले असतात. ज्याला हातालाच गॅप कळतो असा दावा आहे, त्याने आधी सेट करावं आणि मग पाती घालून दाखवावी.

हे सगळं स्क्रू-नटवाल्या टॅपेटसाठी आहे. स्क्रूऐवजी शिम (गॅप ठरवणाऱ्या ठरावीक जाडीच्या चकत्या) असतील तर नवी शिम = जुनी शिम + मोजलेला गॅप − हवा तो गॅप. जुनी १.८०, मोजला ०.०८, हवा ०.१५, तर १.७३ लागते. १.७५ घातली तर गॅप ०.१३ येतो, तो मर्यादेत बसतो का पाहूनच घाला. ०.०८ हा आकडाही फक्त उदाहरणाचा. इनलेट-एक्झॉस्टचे आकडे बहुधा वेगळे असतात, ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

स्क्रूच्या टोकाला किंवा दांडीच्या माथ्यावर खळगा पडला असेल तर सपाट पाती खळग्यावरून आडवी जाते आणि खरा गॅप मोजल्यापेक्षा मोठा असतो. पाती बरोबर सांगते, आवाज मात्र येतच राहतो, तेव्हा स्क्रू बदला. तोही ठीक असेल तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर तपासा.