आधी पाण्याची वेळ विचार

प्रिय,

तुझी यादी मिळाली. प्रवासात एकच दिवस मोकळा, समुद्रकाठचं गाव एवढंसं, आणि पाहायच्या जागा बारा! जागा चांगल्याच आहेत. पण यादीत पाण्याची वेळ कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

पोचल्यावर पहिल्यांदा भरती-ओहोटीची वेळ विचार. बंदरावर जाळं सांधत बसलेलं कुणीही सांगेल. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या आठवड्यात कुणी सकाळी सातला खडकांवरून फिरून आलं, म्हणून तुलाही सातला वाट मिळेल असं नाही.

ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी खडकांवर उतर. उतरत्या पाण्यामागून चालत गेलं की निवांत वेळ मिळतो. डबक्यापाशी उकिडवं बसून पाच मिनिटं अजिबात हलू नकोस. आधी काहीच दिसत नाही. मग एखादा शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा बिऱ्हाड करून असतो. मिटलेली समुद्रफुलं उमलतात. दगड उलटलाच, तर होता तसा परत ठेव. त्याच्या खालच्या अंगाला कुणाचं तरी घर असतं.

आणि पाणी वळलं की निघ. भरती सुरुवातीला रेंगाळते, म्हणून माणूस फसतो. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मं पाणी चढतं. हे मी वाचलेलं होतं. तरी एकदा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ऐन उधाणात, बूट डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून परतलो. बूट वाचले, वही गेली.

दुपारी गल्ल्यांतून भटक. संग्रहालय असेल तर बघ, नसेल तर हळहळू नकोस. मात्र टोपी घाल. जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात. अंगाला गार वाटतं आणि कातडी मुकाट्याने भाजत राहते.

संध्याकाळ दीपगृहासाठी राख. वर जाऊ देत असतील, तर आधी वाळूवर उभं राहून दूर जाणारी होडी हेरून ठेव. उभ्या माणसाला क्षितिज पाच किलोमीटरच्या आतच असतं. ३० मीटर उंचीवरून ते २० किलोमीटरच्या आसपास जातं. खालून क्षितिजाआड बुडालेली होडी वरून पुन्हा सापडते. मला तरी अजून याची गंमत वाटते. अंधार पडला की खाली ये आणि दोन झोतांमधले सेकंद मोज. खलाशांना ओळख पटावी म्हणून आसपासच्या दीपगृहांची लय वेगवेगळी ठेवतात.

परतीची गाडी कितीची, ते तू लिहिलंच नाहीस. ओहोटीची वेळ कळली की दोन्ही एकदम कळव, मग यादीतली कोणती आठ नावं खोडायची ते बघू.