जखम सुजली, पिकली की चिघळली?

वाळव्याच्या एका वाचकाने विचारलं आहे की, जखमेच्या माहितीपत्रकात ‘दाह’ आणि ‘संसर्ग’ असे दोन शब्द आहेत. आपण सरळ ‘जखम चिघळली’ म्हणतो, तेवढ्यात दोन्ही येत नाही का?

नाही येत. ऊस तोडताना कोयता लागला की काही तासांतच कडा लाल होतात, सुजतात, गरम लागतात, ठणकतात. लाली, सूज, ऊब, वेदना ही चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात नोंदवली. परिभाषेत ‘दाह’ तो हाच. पांढऱ्या पेशी तिथे धावून जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. हे झाल्याशिवाय जखम भरतच नाही, म्हणून नुसत्या सुजेला ‘चिघळली’ म्हणणं चूक.

संसर्ग म्हणजे जंतूंनी जखमेत ठाण मांडून वाढणं. मग चार-पाच दिवसांत ओसरायचा दाह ओसरतच नाही. जंतूंची आणि पांढऱ्या पेशींचीही विकरं (एन्झाइम) नव्याने विणलेलं कोलॅजन, म्हणजे जखम सांधणारं तंतुमय प्रथिन, तोडत राहतात आणि जखम भरायची थांबते. ‘चिघळणे’ हे क्रियापद इथलं. मधुमेह असेल तर हे जास्त घडतं, आणि पायाची संवेदना कमी झाल्याने कधी ठणकाही लागत नाही.

आपल्या बोलीत यातले बारकावे आधीपासून आहेत. पातळ, पाण्यासारखं येतं ती लस. सुरुवातीला थोडी आली तर काळजी नको. दाट, पिवळट, वास मारणारा तो पू. पू धरला की जखम ‘पिकली’. हे ‘पिकणे’ संस्कृत ‘पक्व’वरून आलं, आणि सुश्रुतानेही व्रणाच्या सुजेच्या आम (कच्ची), पच्यमान (पिकत असलेली), पक्व (पिकलेली) अशाच अवस्था सांगितल्या आहेत. पायाच्या जखमेने जांघेत गाठ येते ते ‘अवधाण’. संसर्ग वर सरकू लागल्याची ती खूण असू शकते, म्हणून हा शब्द डॉक्टरांसमोर बिनदिक्कत वापरावा.

माझी खरी तक्रार ‘दाह’ या शब्दाबद्दल आहे. सांगलीकडे कुणालाही विचारा, दाह म्हणजे आग होणं, एवढंच तो सांगेल. सूज आणि लाली त्याच्या मनात येणार नाहीत. पत्रकात ‘जखमेभोवतीची सूज-लाली’ लिहावं. ती दिवसागणिक कमी होत असेल तर ‘जखम भरतेय’. वाढत असेल, पू किंवा ताप आला, तर ‘चिघळली’ म्हणा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.