जुनी क्युबन दाविदॉफ क्रमांक २ : ओळख आणि गुणधर्म

आपल्या काकांच्या कपाटात सापडलेली दाविदॉफ क्रमांक २ ची पेटी खरोखर क्युबन आहे का आणि त्या सिगारमध्ये एवढे विशेष काय होते, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाकणावर नव्हे, पेटीच्या बुडाशी मिळेल, कारण क्युबातील उत्पादन १९९१ मध्ये थांबले आणि याच नावाचे सिगार डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वळले जाऊ लागले. १९८५ पासून क्युबन पेट्यांच्या बुडावर कारखान्याची सांकेतिक अक्षरे येऊ लागली. त्यांतील ‘ई’ आणि ‘एल’ म्हणजे हवानाचा एल लागितो कारखाना, आणि पुढील अक्षरांत महिना व वर्ष दडलेले असते. ‘तोतालमेंते आ मानो’, अर्थात संपूर्णपणे हाताने, ही ओळ मात्र १९८९ पासूनची आहे.

जिनिव्हाचे दुकानदार झिनो दाविदॉफ यांच्या नावाने हे सिगार १९६८ मध्ये बाजारात आले. क्रमांक २ ची लांबी १५२ मिमी, जाडी जेमतेम १५ मिमी आणि तोंडाकडच्या टोकाला पान पिळून केलेली नाजूक शेंडी. इतक्या बारीक सिगारमध्ये आतला भरा किंचित घट्ट झाला तरी धूर अडतो, त्यामुळे वळणाऱ्याच्या हाताची कसोटी येथेच लागते. क्युबन म्हटले की जोरकस सिगार अशी अनेकांची अपेक्षा असते. हा मात्र सौम्य, लाकडाचा आणि भाजलेल्या दाण्यांचा स्वाद देणारा, अखेरीस जरासा मातकट होणारा सिगार होता. संग्राहक दाविदॉफच्याच १९७७ च्या जाडजूड ‘दों पेरिन्यों’ सिगारमागे धावतात, पण माझा कौल क्रमांक २ लाच आहे.

उत्पादनाच्या शेवटच्या वर्षांतील पेटी असेल तर जरा सबुरीने घ्यावे. दर्जा घसरल्याचे सांगत झिनो यांनी १९८९ मध्ये लाखाहून अधिक सिगार जाळून टाकले होते, तेव्हा त्या काळातील प्रत्येक पेटी सरसच असेल असे नाही.

सिगार कोरडे पडले असतील तर एकदम दमट हवेत ठेवू नयेत, वरचे पान तडकते. आर्द्रता काही आठवड्यांत हळूहळू ६५ टक्क्यांपर्यंत न्यावी आणि तापमान १६ ते १८ अंश राखावे. पानावर टाचणीने पाडल्यासारखी गोल भोके दिसली तर ती तंबाखूच्या भुंग्याची समजावीत आणि तेवढे सिगार आधी वेगळे काढावेत.