सेफ्टी ऑडिटर व्हायचंय, पण आधी परांचीवर चढू दे

प्रश्न : मुलीने रत्नागिरीला सिव्हिलचा डिप्लोमा केला. वर्षभर ती हायवेच्या कामावर आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले, तेव्हापासून बांधकामावरची सुरक्षा तपासणारी ऑडिटर व्हायचं, हे तिच्या डोक्यात बसलंय. यात काही भविष्य आहे, की नुसतं ‘हेल्मेट घाला’ म्हणून ओरडत फिरायचं? शिवाय लग्नाचंही बघायला हवं. – एक पालक, खेड

नमस्कार. ओरडत फिरणारे पुष्कळ आहेत, पण त्याला ऑडिट म्हणत नाहीत. हेल्मेट नसलेला माणूस गेटातून आत आलाच कसा, हे शोधणं म्हणजे ऑडिट.

आपल्याकडचंच बघा. जून महिना, पायाचा खड्डा खणलेला. रजिस्टरात रोजच्या तपासणीच्या सह्या जागच्या जागी. चांगला ऑडिटर आधी त्या सह्याच निरखतो : महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एका बैठकीत केल्यासारख्या का दिसतात? मग खड्ड्याशी जातो. रात्री पाऊस झाला, तर सकाळी माणसं उतरण्याआधी कडा कोणी पाहिल्या? जांभा वरून कातळासारखा वाटतो, त्याच्या खाली मऊ माती निघते. उपसलेला ढीग अगदी काठावर का टाकलाय? शेवटी मुकादमाला चहाच्या टपरीवर गाठून विचारतो, की धोका वाटला तर काम थांबवायची मुभा तुला खरंच आहे का? तो हसला, तर निम्मं ऑडिट तिथेच झालं. या तपासणीसाठी भारतीय मानकही आहे, आयएस 14489. पण ते वाचून मुकादमाचं हसू कळत नाही.

म्हणून माझं मत : एवढ्यात ऑडिटर नको, आधी सेफ्टी ऑफिसर, म्हणजे साइटवरची रोजची सुरक्षा सांभाळणारा अधिकारी. स्वतः कधी परांची न बांधून घेतलेल्या माणसाला साइटवर कोणी मोजत नाही. 1998 च्या केंद्रीय बांधकाम कामगार नियमांत सेफ्टी ऑफिसरसाठी पदवीधराला 2 आणि डिप्लोमावाल्याला 5 वर्षांचा देखरेखीचा अनुभव मागितला आहे. सोबत औद्योगिक सुरक्षेची पदविका हवी, तिच्यात बांधकाम सुरक्षेचा निदान एक पेपर हवा. ही पदविका तंत्रशिक्षण मंडळाच्या संस्थांत किंवा मुंबईला शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत करता येते. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. त्याच नियमांतली मला फार आवडणारी अट म्हणजे साइटवरच्या बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. तेव्हा मुलीची हिंदी पक्की होऊ द्या, कानडी आली तर उत्तमच.

कामाची चिंता नको. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 500 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता, 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत ती मर्यादा बांधकामासाठी 250 वर आली.

आत्ता तिने एवढंच करावं : एक वही ठेवावी आणि थोडक्यात टळलेले अपघात लिहावेत. वजन उचलताना निसटलेला स्लिंग, सुटलेला क्लॅम्प, वरून पडलेला पाना. नावं नकोत, कारणं हवीत. पुढे मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा तीच कामी येईल.

लग्नाचं मला विचारू नका, ते तिलाच विचारा.