एमएनडीवर निघालेलं टोफरसेन मामांना चालेल का?

मामांना एमएनडीचं (मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) निदान झालंय आणि टोफरसेन त्यांना चालेल का, असं तुम्ही विचारलंय. त्यांच्या एसओडी१ या जनुकात दोष असेल तरच. असा दोष शंभरातल्या साधारण दोघांतच सापडतो. म्हणून आधी जनुक तपासणी, मग औषधाची धावपळ. मी डॉक्टर नाही. माझ्या आत्याला हाच आजार होता, तेव्हापासून यावरचं संशोधन वाचत आलोय.

एसओडी१चा या आजाराशी असलेला संबंध १९९३ मध्ये उघड झाला. हे जनुक बिघडलं की त्याच्यावरून बनणारं प्रथिन वेडंवाकडं घडतं आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींत साचत जातं. टोफरसेन जनुकाला हात लावत नाही. प्रथिन बनवायचा जो निरोप जनुकावरून निघतो, तोच ते नष्ट करतं. मणक्यातलं पाणी काढायला सुई घालतात तशीच सुई घालून ते देतात: सुरुवातीला दोन-दोन आठवड्यांनी तीन डोस, मग दर २८ दिवसांनी एक.

२०२२ मध्ये १०८ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल छापून आले. २८ आठवड्यांनी हातापायांची ताकद, गिळणं, बोलणं यांच्या गुणांत ठोस फरक दिसला नाही. पण चेतापेशी मोडल्या की त्यांच्या सांगाड्याचं न्यूरोफिलामेंट हे प्रथिन रक्तात उतरतं, ते औषध घेणाऱ्यांत खूपच घटलं. वर्षभरानंतर पाहिलं तर, सुरुवातीपासून औषध घेणाऱ्यांची घसरण उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा मंद होती. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला सशर्त मान्यता दिली. याच आजारावर १९९५ पासून वापरात असलेलं रिलुझोल हे औषध आयुष्य सरासरी दोन-तीन महिनेच वाढवतं, हे लक्षात घेतलं तर मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

बाकीच्यांचं काय? जवळजवळ सगळ्याच रुग्णांत टीडीपी-४३ नावाचं प्रथिन पेशीचं केंद्रक सोडून बाहेर गुठळ्या करून बसतं, हे २००६ मध्ये समजलं (एसओडी१वाले याला अपवाद). बहुतेकांच्या कामाचं औषध यावरच्या संशोधनातून येईल असं मला वाटतं, पण ते आज हातात नाही. एएमएक्स००३५ या दुसऱ्या एका औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, २०२४ च्या मोठ्या चाचणीत ते फोल ठरलं आणि कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. रुग्णांच्या घरात काय झालं असेल, याची मला कल्पना आहे.

स्टेम सेलच्या नावाखाली कोणी लाखो रुपये मागितले तर देऊ नका. या आजारावर ते सिद्ध झालेले उपचार नाहीत.

बायपॅपबद्दल (मास्कमधून हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) मात्र आत्ताच विचारा. आत्याची रात्री सारखी झोप मोडायची, सकाळी डोकं जड असायचं. आम्हाला वाटायचं काळजीने होतंय. श्वासाचे स्नायू थकले होते. मास्क लागल्यावर आठवड्याभरात ती सकाळी पेपर वाचायला बसू लागली. गिळण्या-बोलण्याचे स्नायू फार बिघडले नसतील तर बायपॅपने आयुष्यही वाढतं, हे चाचणीत दिसलेलं आहे.

तपासणीत दोष निघाला तर औषध भारतात कोणत्या मार्गाने मागवता येईल, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. आणि रक्त देण्याआधी जेनेटिक काउन्सेलरना भेटा. एसओडी१चा दोष बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, म्हणजे मामांच्या रिपोर्टबरोबर तुमच्या आईचा आणि तुमचाही प्रश्न उभा राहील. आपल्याला ते जाणून घ्यायचंय का, हे घरात आधी बोलून ठेवा.