जर्मनीत आलास की आधी पत्त्याची नोंदणी

बँक, सिम नंतर बघ. आधी आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी उरक. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत ती करावी असा कायदा आहे, पण बर्लिनसारख्या शहरात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. तेव्हा निघायच्या आधीपासूनच ब्युर्गरआम्टच्या (ही नोंदणी करणाऱ्या नागरिक कार्यालयाच्या) साइटवर तारखा बघायला लाग. कुणी वेळ रद्द केली की ती तिथेच दिसते.

नुसता भाडेकरार चालत नाही. तू अमुक तारखेला राहायला आलास, असा घरमालकाच्या सहीचा वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा कागद लागतो (उच्चार जमला नाही तरी चालेल, कागद हवा). तो द्यायला मालक टाळाटाळ करत असेल तर खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस.

आणि लेटरबॉक्सवर पासपोर्टातलं आडनाव लाव, मित्राकडे उतरला असशील तर त्याच्या नावाखाली चिठ्ठी चिकटव. टॅक्स आयडी पोस्टानेच येतो. नाव दिसलं नाही की पत्र परत जातं.

पुढे रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र येईल. घाबरू नकोस, ती घरटी एकच असते. रूममेट भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवून टाक.